वर्नाने निवडलेली चिमणी
वर्ना ट्रेलोअरने गावच्या हॉलच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली, आणि एवढ्या वर्षांत बाहेर झालेलं एकही भाषण तिच्या कानावर पडलं नव्हतं. कान तिचे ठणठणीत होते. सगळा दोष शेगडीवरच्या, धूर ओढणाऱ्या चिमणीचा. मटणाचे चॉप तळायला घेतले आणि चिमणी लावली, की अशी घरघर सुरू व्हायची की शेजारणीकडे मीठ मागायचं तरी हातवारे करावे लागत. वाढायच्या खिडकीपलीकडे दीडशे माणसं जेवायची, शेवटी अध्यक्ष उठून ओठ हलवायचे, मग सगळे खिडकीकडे वळून टाळ्या वाजवायचे. आतल्या बायका आपल्या अंदाजाने हात हलवायच्या.

"काय म्हणाला गं?" ओलिव्ह दरवर्षी विचारायची.

"मला काय विचारतेस? तुझ्याच शेजारी उभी आहे ना मी!" वर्ना ओरडून सांगायची.

यंदा कृषी प्रदर्शनाच्या जेवणाला महिना उरला असताना ती चिमणी एकदाची मेली. कमिटीने नवी आणायचं काम वर्नावर टाकलं. केक विकून जमलेल्या पैशांत बसेल अशी आण म्हणाले.

"दणकट बघून घे," अध्यक्ष इअन मॅकफी म्हणाला. "आवाजाचं मनावर घेऊ नकोस. सगळ्याच करतात."

"तू कधी उभा राहिलायस तिच्याखाली?"

इअनने पुढचा विषय काढला.

गावात ग्रेव्हीपलीकडचं काही वर्नाच्या हाती कुणी दिलं नव्हतं, त्यामुळे ती जिद्दीला पेटली. तासाभराच्या रस्त्यावरच्या मोठ्या दुकानात ती नवऱ्याला, क्लेमला, घेऊन गेली. क्लेम तोंडातल्या तोंडात बोलणारा माणूस. तो तिला त्यासाठीच हवा होता.

"मॅडम, या नुसत्या बघायला टांगल्यात," विक्रेता म्हणाला. "आवाज किती ते कागदावर आहे."

"हा आकडा कुठल्या वेगाचा?"

त्याने पान उलटलं. "सगळ्यात कमी."

"कमी वेगावर चॉप तळतं कोण? वायर आण बाबा, आणि लावून दाखव."

बिचाऱ्याने कुठून तरी लांब वायर ओढून आणली. वर्ना चिमणीखाली उभी राहिली, क्लेम चार पावलांवर, हातात वर्तमानपत्र.

"मोठ्याने वाचू?"

"घरी पुटपुटतोस तसंच वाच."

पहिल्या दोन चिमण्यांखाली तिला क्लेमच्या मिश्या तेवढ्या हलताना दिसल्या. तिसरी अगदी साधी होती, ना काच ना दिव्यांची आरास, आणि किमतीलाही बेताची. वर्नाने ती शेवटच्या वेगावर नेली.

"मेंढ्यांचा भाव पडला म्हणतोस?" तिने विचारलं.

"पडला तर," क्लेम म्हणाला.

"हीच द्या."

इअनच्या पुतण्याने गुरुवारी ती बसवली आणि कमिटीसमोर बटण दाबलं. चिमणी जुनीच्याही वरताण किंचाळली. सगळे वर्नाकडे बघायला लागले.

"म्हटलं नव्हतं मी?" इअन म्हणाला.

वर्नाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. एकतीस वर्षांत एक काम मिळालं, आणि त्यातही तोंडघशी पडायची वेळ. पण ती वाद घालत बसली नाही. तिने शिडी मागवली, टॉर्च घेतला आणि अडुसष्टाव्या वर्षी माळ्याची झडप ढकलून कमरेपर्यंत आत शिरली.

"इअन, वर ये."

"पुतण्याला पाठवतो."

"तूच ये."

इअन धापा टाकत चढला. नव्या चिमणीच्या रुंद तोंडाला जुनाच अरुंद पाइप कोंबलेला होता. तो दोन वाशांमध्ये पिळवटून पडला होता, हवा अडून आवाज व्हायचा तो त्यामुळेच, आणि त्याचं दुसरं टोक छपराबाहेर नाही, माळ्यातच उघडं होतं. इतक्या वर्षांच्या चरबीचा थर वाशांवर चढला होता. आग लागली नाही हेच नशीब.

"आपल्याकडे सगळे पाइप असाच माळ्यात सोडतात," पुतण्या खालून म्हणाला. "पाइप होताच, म्हणून तोच जोडला."

"पत्र्याला भोक पाड, रुंद पाइप घे आणि सरळ बाहेर काढ," वर्ना म्हणाली. "शनिवारच्या जेवणाच्या आत. चिमणी मी नीट निवडलीये."

इअनने हाताला लागलेली चरबी पाहिली आणि पुतण्याला म्हणाला, "ती सांगते तसं कर."

शनिवारी शेगडीवर चॉपचे तीन तवे होते आणि चिमणी शेवटच्या वेगावर. "मीठ दे गं," ओलिव्ह म्हणाली, साध्या आवाजात. दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

जेवणं उरकली. इअन उठला. आत पाचही बायकांनी हातातली कामं थांबवली. त्याने परीक्षकांचे आभार मानले, बँडवाल्यांचे मानले, तंबू देणाऱ्याचे तर नावानिशी मानले. "आणि नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरातल्या बायकांचे," असं म्हणून तो खाली बसला. टाळ्या झाल्या. सवयीने ओलिव्हचा हात वर गेला.

"एवढंच?" ती पुटपुटली. "दरवर्षी एवढंच?"

वर्नाने चिमटा खाली ठेवला. खिडकीतून तिने अर्धं अंग बाहेर काढलं.

"इअन, आम्हाला आता ऐकू येतं. नावं घे."

इअन लाल होत पुन्हा उठला. पाचही जणी त्याच्याच शाळेत शिकलेल्या. नावं त्याला पाठ होती, फक्त कधी घ्यावी लागली नव्हती.

"वर्ना ट्रेलोअर," तो म्हणाला.

ओलिव्हने चिमणी बंद करायला हात लांबवला. वर्नाने तो धरला.

"राहू दे चालू," ती म्हणाली, आणि मान ताठ करून पुढचं नाव ऐकायला उभी राहिली.