मीटरवरचं कुंकू

आमच्या घरात ड्रायव्हर दोन. एक माझे सासरे, ज्यांनी तीस वर्षं मुंबईत बस चालवली. आणि दुसरी मी, जिने क्लासच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालच्या ब्रेकच्या भरवशावर तीन आठवडे काढले. माझा नवरा सुहास गाडी चालवत नाही. तो फक्त सल्ले देतो.

त्याला उंच, दांडगी गाडी हवी होती. मी हट्टाने छोटी घेतली. घाटकोपरच्या आमच्या गल्लीत रिक्षासुद्धा पोट आत घेऊन वळते, तिथे ही एका दमात वळते! स्टिअरिंग एका बोटाने फिरतं! आणि पिकअप तर विचारूच नका! (हे सगळं मला शोरूममधल्या माणसाने सांगितलं होतं. मी ते घरी स्वतःच्या अनुभवासारखं सांगितलं.)

"ठीक आहे," सुहास म्हणाला. "रविवारी मुलुंडला सुलूकडे जाऊ. तिच्या सोसायटीचा रॅम्प चढलीस तर चावी तुझी. नाही चढलीस तर ही विकायची आणि मोठी घ्यायची."

सुलू माझी नणंद. तिच्याकडे पार्किंग पहिल्या मजल्यावर आहे, आणि तिथे नेणारा रॅम्प म्हणजे बागेतली घसरगुंडी उलटी चढायची. मी म्हटलं, "डन!"

रविवारी सासूबाईंनी गाडीची पूजा केली. हार झाला, नारळ झाला, चाकांखाली लिंबं झाली. तरी समाधान होईना म्हणून त्या आत शिरल्या आणि मीटरच्या काचेवर कुंकवाची बोटं उमटवू लागल्या. एक, दोन, पाच!

"आई, मला मीटर दिसू दे ना!"

"आदी देवाक दिसूंदे, मगे तुका!"

त्यातला कोपऱ्यातला एक ठिपका मात्र फारच सुरेख, लालभडक उठला होता. मी मनोभावे नमस्कार केला आणि आम्ही निघालो. सासरे पुढे, सासूबाई आणि सुहास मागे, सुलूसाठी गावाहून आलेला अजस्र फणस डिकीत.

गाडी चालेना. म्हणजे चालत होती, पण नाइलाजाने. भांडुपला एक पाववाला सायकलवरून आम्हाला मागे टाकून गेला आणि जाताना घंटीही वाजवली!

"सूनबाय, पिकअप खंय आसा गो?" सासऱ्यांनी विचारलं.

"नवी आहे ना बाबा, लाजतेय!"

मग जळका वास यायला लागला. "काहीतरी जळतंय," सुहास म्हणाला.

"माहूलच्या रिफायनरीचो वास तो," सासूबाईंनी पदर नाकाला लावला. "वारो तिकडचो आसा." माहूल मुलुंडपर्यंत आमच्यासोबत आलं.

रॅम्पच्या मध्यावर इंजिनाने गळा काढला आणि गाडी बंद पडली. मागे दोन गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

"एसी बंद कर!" सुहास ओरडला. केला. गाडी वीतभर सरकली आणि पुन्हा बंद! "वजन कमी करा!" असं म्हणत तो स्वतः आनंदाने उतरला आणि मोबाइलवर मोठ्या गाड्यांचे फोटो बघायला लागला. सासूबाई उतरल्या. पुन्हा वीतभर.

"फणस उतरवू का?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"फणसाक हात लावू नको! माणसा चलत जातली, फणस गाडयेतसून येतलो!" सासूबाई खालून ओरडल्या.

मला खरंच रडू यायला लागलं होतं. चावी हातची जाणार! निदान काहीतरी कौतुक करावं म्हणून मी म्हटलं, "पण बाबा, ग्रिप बघा ना! मी ब्रेकवरून पाय काढलाय, तरी चढावर गाडी तसूभर मागे येत नाही!"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मीटरकडे बघितलं. मग खिशातून रुमाल काढून काच पुसायला घेतली.

"अवो!" बाहेरून सासूबाई किंचाळल्या. "नव्या गाडयेचा कुंकू पुसतास? शोभता तुमका?"

पाच बोटं पुसली गेली. सहावं जाईना. सासऱ्यांनी खसाखसा घासलं, तरी ते तसंच लालभडक.

"सूनबाय," ते शांतपणे म्हणाले, "ह्यां कुंकू नाय. ह्यो हँडब्रेकचो दिवो."

हँडब्रेक अर्धा वर होता. घाटकोपरपासून!

त्यांनी तो खाली टाकला, मी अॅक्सिलरेटर दाबला, आणि गाडी अशी उसळली की फणसासकट थेट वर! काय तो पिकअप! काय ते वळण! मी खिडकीतून ओरडले, "चढले! चावी माझी!"

"चीटिंग आहे यार ही!" सुहास धापा टाकत वर आला. "बाबा, तुम्हीच सांगा."

सासऱ्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर थाप दिली. "गाडी झकास आसा. चावी सूनबायकडेच ऱ्हवांदे."

माझी मान ताठ झाली. मग ते सुहासकडे वळले.

"गाडी बदलू नको. ड्रायव्हर तेवढो सर्व्हिसिंगाक टाक."