बुढीमायच्या दारातला उतारा

आपल्या घरचा ताप दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर मला पाहा. वय तेव्हा अकरा, अक्कल त्याहून कमी, आणि तोंड मात्र गावभर पुरेल एवढं.

कार्तिकातले दिवस होते. आमचं गाव मंगरूळपीरच्या अलीकडे. आम्ही बायका-पोरी पऱ्हाटीच्या वावरात कापूस वेचायला जायचो. हात बोंडांवर, कान बुढीमायकडे. बुढीमाय म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. नवरा, लेक, सगळे तिच्या आधी गेलेले. कापसाच्या तासाला, म्हणजे झाडांच्या ओळीला, लागली की ती गोष्ट सुरू करायची आणि तास संपला की थांबायची. पुढची ऐकायची असेल तर पुढच्या तासाला तिच्या बरोबरीनं हात चालवायचा. वावराच्या मालकाला ती फार आवडायची, ते यामुळेच.

त्या आठवड्यात गोष्ट एका राजपुत्राची चालू होती. राज्यात पाण्याचा थेंब नाही, माणसं तडफडून मरतायत. राजपुत्र राक्षशिणीच्या गुहेत जातो. ती त्याला काळी काठी देऊ करते. काठी जमिनीवर आपटली की झरा फुटेल. पण तेवढंच पाणी कुठल्यातरी दुसऱ्या गावाच्या विहिरीतून आटेल. इथं बुढीमाय थांबली.

"आता तुमीच सांगा. घ्याची का नाई त्यानं काठी?"

वावरात लगेच दोन तट पडले.

"दुसऱ्या गावची माणसं त काय माणसं नाईत?" एक जण म्हणाली.

"तुह्यं लेकरू तहानेनं मरून राह्यलं असतं न बाई, त काठी काय, तू राक्षशिणीचे पाय धरले असते," दुसरीनं तिला ऐकवलं.

मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घातलं नाही तर ती मी कसली. "घ्याचीच," मी म्हणाले. "त्या दुसऱ्या गावाले त्यानं कुठं पायलं? जे पायलंच नाई, त्याचं पाप कायले लागन?"

बायका हसल्या. बुढीमाय हसली नाही. "मोठी वकील होशीन वं तू," एवढंच म्हणाली, आणि तास संपला.

दोनच दिवसांत माझ्या मोठ्या बहिणीला हिवताप भरला. सहाव्या दिवशी ती आईलाही ओळखेना. वडील गाडी जुंपून मंगरूळपीरला गोळ्या आणायला गेले. आई उशाशी बसून तिचे तळवे चोळत होती. बहीण हातची जाणार असं मला खरंच वाटलं होतं. ती भीती खोटी होती, असं मी आजही म्हणणार नाही.

उतारा कसा करतात ते मला पाठ होतं. भाकरीच्या तुकड्यावर भात, हळद-कुंकू, लाल मिरची, अर्धं लिंबू. आजाऱ्यावरून सात वेळा ओवाळायचं, गावाबाहेर तिवाट्यावर ठेवायचं, मागं न पाहता परतायचं. जो ओलांडेल त्याच्या मागं ते दुखणं जातं, अशी समजूत. पण मी पडले हुशार. तिवाट्यावरचा उतारा कुत्री खाऊन टाकतात, हे कितीदा पाहिलेलं. कुत्र्याला ताप देऊन काय उपयोग? ओलांडायला माणूसच हवं. मग गल्लीतलं एकेक घर मनात घेतलं. इथं तान्हं बाळ, तिथं माझी मैत्रीण, पलीकडे चार लेकरांची आई. टोकाच्या घरात मात्र रडायला कोणीच नव्हतं.

बाजाराचा दिवस होता, गल्ली रिकामी. बुढीमायचं दार अर्धवट लोटलेलं. आई पाण्याला उठली तेव्हा बहिणीवरून ओवाळून घेतलेली भाकरी उंबऱ्यापुढे ठेवली आणि पळाले. मागं न पाहण्याचा नियम तेवढा इमानानं पाळला.

गोळ्या आल्या, आणि तीन दिवसांत बहीण पेज मागू लागली. आईनं डॉक्टरला मनातल्या मनात हात जोडले. मी माझ्या हुशारीला जोडले. त्यानंतर वावरात गेले तर गोष्ट नव्हती. बुढीमाय तापानं पडली होती.

त्या दिवशी माझ्या ओटीत पसाभरही कापूस जमला नाही. राजपुत्राला ते दुसरं गाव ठाऊक तरी नव्हतं. मला दार ठाऊक होतं, आतली म्हातारी ठाऊक होती, आणि तिच्यासाठी कोणी रडणार नाही हा हिशोब तर मी स्वतः केला होता.

उरलेल्या गोळ्या आणि पेज घेऊन आईनं मलाच तिच्याकडे पाठवलं. बुढीमायनं गोळी घेतली, पेज प्यायली. तिनं भांडं खाली ठेवलं आणि माझं रडू फुटलं. उतारा मीच ठेवला, हे सांगून टाकलं. वर वकिलीही केली, की बहीण मरून राह्यली होती, मी काय करू.

बुढीमाय भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "मले ठाऊक हाये. मी दाराआडून पायत व्हती. ताप त साऱ्या गावात हाये, तुह्या भाकरीनं नाई आला. अन् बहिणीसाठी केलं, तेबी समजते मले. पण इतके घरं सोडून माह्यंच दार काहून निवडलं, तेवढं सांग."