अर्ध्या शब्दातला पूर्णविराम

कूलरच्या ओल्या वाळ्याचा गंध आणि खालच्या आडत दुकानातून वर चढणारी नव्या गव्हाची धूळ यांनी जुन्या जालन्यातली चैत्राची दुपार भरून गेली होती. कंपनीचं काम समोर उघडं होतं, पण माझे डोळे मात्र लॅपटॉपच्या कडेच्या खिडकीत, जिथे बाबांची अक्षरं एकेक करून उमटत होती.

आतल्या खोलीतल्या संगणकावर मी एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, सर्व्हर म्हणून चालू ठेवला आहे. तो न दिसता मागे अखंड चालत राहतो, आणि घरातल्या कुठल्याही यंत्रावरून त्याच्याशी जोडून घेता येतं. मजकूर एकच, खिडक्या हव्या तितक्या. पक्षाघाताने उजवा हात मंदावल्यावर, वाटूरच्या शाळेत मास्तरकी केली त्या वर्षांविषयी लिहायचं बाबांनी मनावर घेतलं, तेही डाव्या हाताच्या एका बोटाने. कुणी दारातून डोकावलेलं त्यांना खपत नाही, म्हणून मी इथून डोकावत होते. अक्षरं येताहेत म्हणजे बाबा ठीक आहेत. त्यांना एकटं ठेवून पुण्याला परतायचं की नोकरीवर पाणी सोडायचं, हे काही केल्या ठरत नव्हतं, आणि तोवर माझा सगळा जीव त्या अक्षरांना टांगलेला होता.

‘फळ्याजव’ इथे अक्षरं थांबली.

मी वाट पाहिली. कामाची एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा पाहिलं. ‘फळ्याजव’. जोडणी तर तुटली नाही ना, म्हणून मी त्यापुढे एक पूर्णविराम टाकून पाहिला. तो निमूट उमटला. सर्व्हर चालू होता. मग बाबा? मी धावतच आत गेले.

ते खुर्चीत स्वस्थ बसले होते.

“शब्दाच्या मधीच पूर्णविराम कुणी दिला गं माय?” पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं.

मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी त्यांचा भयंकर रागही आला.

“एका पोरीचं नाव आठवून राह्यलो. जल्दी काय हाय? बरं, तिकडून रोज वाचून राह्यलीस ना? कसं जमलंय?”

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. इतके दिवस मी प्रत्येक अक्षर येताना पाहिलं होतं, आणि एक ओळही वाचली नव्हती.

बाहेर येऊन मी मजकुराच्या अगदी आरंभाशी गेले. तिथे वाटूरची सकाळ होती, आणि माझ्या जन्माआधीचे, मी कधीच न भेटलेले बाबा सायकल हाती धरून शाळेच्या दारात उभे होते, आत जायला घाबरत. खाली, शेवटाकडे, अक्षरं पुन्हा येत असतील किंवा नसतीलही. जाऊन बघावं असं वाटत होतं, फार वाटत होतं. मी वाचत राहिले.