अंगठ्याची प्लेट

सान इसिद्रोच्या इस्पितळात, जंतू तपासायच्या खोलीमागे, नमुने लावायच्या झाकणाच्या बशा, म्हणजे प्लेटा, धुण्याची एक अंधारी खोली होती. तिथे ओनेलिया काम्पोस रोज सकाळी एक भलताच उद्योग करायची. निर्जंतुक केलेल्या प्लेटांच्या चळतीतून एक उचलायची, झाकण काढायची आणि न धुतलेला अंगठा आतल्या आगरावर, म्हणजे जंतू वाढवायच्या खळीवर, दाबायची. दुसऱ्या दिवशी अंगठ्याच्या जागी पांढरे-पिवळे ठिपके उठलेले दिसले की तिच्या जिवात जीव यायचा. मगच बाकीच्या प्लेटा बाहेर जायच्या. नव्या मुलींना याची भारी मजा वाटे.

"मावशी, जन्मभर घाण काढलीत, आता म्हातारपणी लावायला लागलात होय?"

ओनेलिया हसायची नाही आणि रागवायचीही नाही. आम्ही जुनी माणसंच त्या पोरींना गप्प करायचो.

तिला ही सवय कशी लागली, ती गोष्ट रशियाची जहाजं यायची बंद झाली तेव्हाची. क्युबात त्या दिवसांत साबणाची वडी मिळाली तर लोक ती कुलपात ठेवत. इस्पितळात वीज कधी येईल याचा नेम नव्हता. एकदा वापरून फेकायच्या म्हणून बनवलेल्या प्लॅस्टिकच्या प्लेटा आम्ही पार झिजेपर्यंत वापरत होतो, कारण काचेच्या फुटून फुटून थोड्याच उरल्या होत्या. काचेचं बरं असतं, भट्टीत भाजली की काम झालं. प्लॅस्टिक भट्टीत वाकतं. म्हणून ओनेलिया ते घासून-धुऊन बंद कपाटात फॉर्मॉलच्या गोळ्यांच्या वाफेवर ठेवायची आणि मग झाकणं काढून दोन दिवस खिडकीशी वाऱ्यावर मांडायची. ती वाफ जंतूंना मारते, पण प्लॅस्टिकमध्ये मुरूनही बसते. ती उडून गेली नाही, तर त्या प्लेटवर पुढे कुणाचंच काही उगवत नाही.

ओनेलियाची आई कारखान्याच्या साहेबांचे कपडे धुऊन जगली. चादरीवर डाग राहिला की पोरीच्या पाठीत धपाटा बसायचा. त्यामुळे स्वच्छता ओनेलियाच्या अंगात भिनली होती, आणि खरं सांगायचं तर थोडी डोक्यातही गेली होती. "माझ्या प्लेटवर आपणहून कधी काही उगवलेलं नाही," हे ती कुणी न विचारताही सांगायची.

त्या वर्षी गळिताच्या हंगामात उसाचे फड पेटवले आणि काजळी-धूळ उडून थेट तिच्या खिडकीत आली. काही प्लेटांवर काळी बुरशी धरली. प्रयोगशाळेची मुख्य डॉक्टर इलेआना वयाने लहान, पण तोंडाची फटकळ.

"ओनेलिया, या प्लेटा आहेत की शिळे पाव? आपण रक्त तपासायचं की बुरशी पाळायची?"

ओनेलियाच्या कानशिलांतून जाळ निघाला. इतक्या वर्षांत तिला असं कुणी बोललं नव्हतं. त्या दिवसापासून तिने खिडकी लावून घेतली, गोळ्या वाढवल्या आणि प्लेटा बंद खोलीतच ठेवायला लागली. वाफ जाईल की, राहून राहून किती राहणार, असं तिने स्वतःला समजावलं. पूर्वी प्रत्येक खेपेतल्या एका प्लेटवर मुद्दाम जंतू लावून ते जगतात का, हे पाहायची पद्धत होती. आगर पुरेना म्हणून डॉक्टरांनीच ती बंद केली होती. त्यामुळे प्लेटवर काही उगवलं नाही, की सगळे त्याचा एकच अर्थ लावत: जंतू नाहीत.

त्याच सुमाराला ओनेलियाच्या शेजारणीची, नेरेय्दाची, मुलगी यानेत बाळंत झाली. मुलगा झाला. घरी आल्यावर तिला हुडहुडी भरून ताप आला आणि तिला परत इस्पितळात आणलं. औषधाच्या कुप्या मोजक्याच होत्या. ज्याच्या तपासणीत जंतू सापडेल त्यालाच द्यायच्या, असा तेव्हा दंडक होता. यानेतचं रक्त ओनेलियाच्या प्लेटवर लावलं. एक दिवस गेला, दुसरा गेला, प्लेट कोरीच. शेवटच्या कुप्या छातीत कफ भरलेल्या एका म्हाताऱ्याला गेल्या. त्याची तपासणी खिडकी बंद होण्याआधीच्या प्लेटवर झाली होती.

ओनेलियाने स्वतः नेरेय्दाला वॉर्डाच्या दारात गाठलं. "रडू नकोस बये. पोरीचं रक्त निर्मळ आहे, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय." हे सांगताना तिला चक्क अभिमान वाटत होता.

मग कुणाच्या तरी घशातून घेतलेल्या नमुन्याची प्लेटही कोरी निघाली आणि डॉक्टर इलेआना थबकली. माणसाच्या घशात काहीच नाही, असं कधी होत नाही. ती तडक धुण्याच्या खोलीत आली.

"ओनेलिया, अंगठा द्या."

"कशाला?"

"द्या तर आधी."

दुसऱ्या दिवशी, तिचा अंगठा दाबून ठेवलेली ती प्लेट आरशासारखी लख्ख होती. डॉक्टरने झाकण काढून ती ओनेलियाच्या नाकाखाली धरली. वाफेने ओनेलियाचे डोळे चरचरले.

"खिडकी उघडी ठेवत होतात ना?"

"तुम्हीच म्हणालात, बुरशी..."

"म्हणाले. आणि जंतू लावून पाहणंही मीच बंद केलं. ते नंतर बोलू. काचेच्या प्लेटा काढा, असतील तेवढ्या."

डॉक्टर वॉर्डात धावली. कुप्या संपलेल्या. जिल्ह्याच्या गावाहून आणायला एक माणूस सायकलवर निघाला. इकडे वीज नव्हती, म्हणून ओनेलिया काचेच्या प्लेटा पत्र्याच्या डब्यात भरून समोरच्या बेकरीत गेली. तिथली भट्टी लाकडाची. बेकरीवाला एवेलिओ पिठावाचून हात बांधून बसला होता.

"या बाई, काय भाजायचं? पाव नाही, तर निदान हवा तरी भाजू."

"भट्टी पेटव एवेलिओ. नेरेय्दाच्या यानेतसाठी आहे."

तो लगेच उठला. लाकडंही फारशी नव्हती, तेव्हा त्याने गिऱ्हाइकांचं बाकडं फोडून जाळात घातलं.

भाजलेल्या काचेवर यानेतचं रक्त पुन्हा लावलं. सकाळी त्यावर दव पडावं तसे ठिपके उठले होते. यानेत मात्र पहाटेच गेली होती. सायकल दुपारी परत आली.

पुरून झाल्यावर डॉक्टर म्हणाली, "नेरेय्दाला सांगायला मी येते. चूक दोघींची आहे."

"शेजारीण माझी आहे," ओनेलिया म्हणाली आणि एकटीच गेली.

नेरेय्दा नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. वाटाणे भाजून केलेली कॉफी तिने ओनेलियापुढे सरकवली आणि आपणच बोलायला लागली.

"खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं माझ्याच हातून काही गेलं. घरात ना साबण, ना रॉकेल. तिची बाळंतपणाची फडकी मी न उकळताच दिली गं तिला. पण तू म्हणालीस ना, रक्त निर्मळ आहे. तेवढ्यावर उभी आहे बघ मी."

ओनेलियाने कॉफी बाजूला सारली. नेरेय्दाचा तेवढा आधार राहावा म्हणून आता गप्प राहणंच शहाणपणाचं होतं, कुणी तिला नावं ठेवली नसती. पण ते तिच्याही सोयीचं होतं आणि म्हणूनच तिला जमेना.

"निर्मळ नव्हतं नेरेय्दा. माझी प्लेटच खोटी होती, तिच्यात वाफ राहिली होती. खरं दिसलं असतं तर यानेतला औषध मिळालं असतं. मला शिव्या दे, मार, काय वाटेल ते कर."

नेरेय्दाने आवाज चढवला नाही. "म्हणजे होतं काहीतरी रक्तात."

"होतं."

"मग ते फडक्यातूनच गेलं."

"अगं, ऐक माझं, औषध मिळालं असतं तर..."

नेरेय्दा ऐकतच नव्हती. तिने आपल्या हातांकडे पाहिलं, मग मांडीवरच्या बाळाकडे, आणि एकदम त्याला उचलून ओनेलियाच्या हातांत दिलं.

"धर याला. मी हात धुऊन येते."

अंगणात आठवड्याचं पाणी साठवलेलं पिंप होतं. ओनेलिया बाळाला छातीशी धरून दारात उभी राहिली आणि हाका मारत राहिली. नेरेय्दा तांब्यामागून तांब्या हातांवर ओतत होती. पिंपाचा तळ वाजायला लागला, पाणी संपलं, तरी ती हात चोळतच होती.