तीन राजे आणि ताठ पाठ

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही सासरचे सगळे कळंबच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या एका कॉटेजवर गेलो होतो. सुरूंच्या सावलीत चटई टाकून पैशांऐवजी शिंपल्या लावून तीन पत्ती चालली होती. कॉटेजवाल्याची म्हातारी आई आमच्या मागे पायरीवर बसून सुपात सुकट निवडत होती. तिचं नाव मी विचारलंच नाही.

मला तीन राजे आले. मी ओंजळभर शिंपल्या मध्ये लोटल्या, तशी सासूबाईंपासून धाकट्या दिरापर्यंत सगळ्यांनी पानं टाकून डाव सोडला. एवढा भारी हात, आणि पदरात पडल्या मूठभर शिंपल्या.

पाणी प्यायला उठले तेव्हा सुपातून मान वर न करता ती म्हणाली, "बाय, पानं बरी आली का तुझी पाठ ताठ होते. मी मागं बसलेय ना, मला पाठीच दिसतात."

"मग काय करू?"

"सैल बस. थोडं थोडं टाक. चांगली पानं आली तं मानसं उठवाची नाय, बसवाची."

त्या दिवसांत घरी सासूबाईंशी माझे खटके उडायचे. बहुतेकदा माझंच बरोबर असायचं, आणि शेवटी स्वयंपाकघरात मी एकटीच उरायचे.

पत्ते पुढे फारसे खेळले नाही. पण माझं म्हणणं पक्कं असलं की मी आधी भिंतीला टेकून सैल बसते, आणि त्या म्हातारीला मनातल्या मनात नमस्कार करते. सासूबाई वारेपर्यंत आम्ही पुष्कळ भांडलो. पण त्या उन्हाळ्यानंतर त्या कधी मधेच उठून गेल्या नाहीत.