जावयाच्या खोलीतला पेशंट

नारायणगावच्या एका दवाखान्यात सयाजी लैंगिक आरोग्याचा समुपदेशक होता. गुप्तरोगाचं दुखणं घेऊन आलेल्या माणसाला बोलतं करायचं, हे त्याचं काम. पुण्याच्या प्रशिक्षणात बाईंनी सगळ्यांना उभं करून अवयवांची नावं खणखणीत म्हणायला लावली, तेव्हा सयाजीचा आवाज सगळ्यांत वर होता. टाळ्या पडल्या आणि तेव्हापासून गडी स्वतःला टिकोजीराव समजू लागला. पिंपळवंडीहून कामावर येताना हेल्मेटच्या आत तो प्रश्नांची उजळणी करायचा. एकदा घरी मोठ्याने केली, तर बायकोने, तेजस्विनीने, उठून खिडक्या लावून घेतल्या. समाजाला अजून लई शिकवायचंय, असं तो मनाशी म्हणाला.

एका बाजारच्या दिवशी दार ढकलून चांगदेव आत आले. तेजस्विनीचे वडील, डिंभ्याचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, एकटा राहणारा माणूस. सासरे दिसताच सयाजीतला समुपदेशक पसार झाला आणि जावई तेवढा उठून उभा राहिला.

"बसा, मामा."

"आधी तुमी बसा, जावईबापू."

जावयाआधी टेकायचं नाही, ही मामांची रीत. सासऱ्याआधी बसायचं नाही, ही सयाजीच्या आईची शिकवण. दोघं बराच वेळ उभेच राहिले आणि शेवटी एकदम बसले. सयाजीने चहा मागवला, बिस्किटं मागवली. टोमॅटोचा भाव काढला, धरणाचं पाणी काढलं, एसटी वेळेवर येते का तेही विचारून झालं. मामा नुसते "व्हय, व्हय" करत खुर्चीत चुळबुळत होते. कप रिकामा झाला तसे "येतो" म्हणून निघून गेले. पाहुणचार झकास झाला, म्हणून सयाजी खूश.

तेवढ्यात नर्स साबेरा आत आली.

"चांगदेवबाबांना डॉक्टरांकडे नाही पाठवलंत? सकाळपासून रांगेत बसले होते. हितं ऐकलेलं कुणी भायेर सांगत न्हाई ना, असं मला दोनदा विचारलं त्यांनी."

सयाजी खुर्चीतच थिजला. एवढं सगळं तोंडपाठ असलेल्या शहाण्याने दुखणेकऱ्याला टोमॅटोचा भाव विचारून वाटेला लावलं होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. तो धावत सुटला.

मंचरकडची जीप भरत आली होती. मामा मागच्या बाकावर एका अंगावर कलून बसले होते.

"मामा, उतरा. परत जाऊ."

"आता न्हाई जमायचं, जावईबापू. घरचा माणूस हाय म्हणून लई धीर करून आलतो. तुमी चहा पाजला."

सयाजीला प्रशिक्षणातला एकही प्रश्न आठवेना. तो मामांच्या कानाशी वाकला.

"दुखतंय का, मामा?"

मामांचे डोळे भरून आले.

"लई," ते म्हणाले आणि जावयाचा हात धरून खाली उतरले.