शैलावहिनींचं गोडाऊन

शैलावहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भिलाईत, सुपेल्याच्या बाजारात मिठाईच्या दुकानासमोर उभा होतो. दवाखान्यातून घरी सोडायचं ठरलं होतं, म्हणून नर्सबाईंना वाटायला पेढे आणा असं वहिनींनीच सांगितलं होतं. फोनवर बायको एवढंच म्हणाली, "लवकर या हो..." आणि मला कळलं. काउंटरवर पेढ्यांचा डबा दोरा बांधून तयार होता. डबा आमच्याच फर्मचा. शेजारच्या नमकीनवाल्याकडचे डबे आमचे, पलीकडे चपलांच्या दुकानातले खोकेही आमचेच. ज्या बाईनं अख्ख्या बाजाराला खोके पुरवले ती गेली होती, आणि बाजार हॉर्न वाजवत तसाच चालला होता. मला भयंकर राग आला. कोणाचा, ते आज महिना उलटून गेल्यावरही सांगता येत नाही.

माझे वडील भंडाऱ्याकडून भिलाईला आले ते पोलादाच्या प्लांटमध्ये लागायलाच. गावची बाकी मंडळी लागली, बाबा तेवढे राहून गेले. मग ते सायकलला खाकी कागदाचे गठ्ठे बांधून किराणा दुकानं फिरू लागले आणि त्यातून सुपेल्याचं आमचं कागदाचं दुकान उभं राहिलं. पुढे मी प्लांटमध्ये चिकटलो आणि दुकान माझ्या मोठ्या भावाकडे, दादाकडे गेलं. प्लास्टिकच्या थैल्या आल्या तशी पुड्यांच्या कागदाला कोणी विचारेना. दादानं हिंमत करून हथखोजच्या कारखान्यांच्या वसाहतीत शेड घेतलं, पुठ्ठ्याचे खोके करायचं मशीन बसवलं, आणि ते धड चालू लागायच्या आत झोपेतच गेला.

वहिनी तेव्हा दुर्गच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. शाळा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सुट्टीच्या दिवशीसुद्धा पद्मनाभपुरच्या घरी पोरांचा गराडा असायचा. तेराव्याला जेवणं उरकल्यावर वडीलधाऱ्यांनी दुकानाच्या अन् शेडच्या किल्ल्या त्यांच्या हातात ठेवल्या. "आता तूच सांभाळ, बाई." झालं! शाळेचं काय, हे एकानंही विचारलं नाही. वहिनींनी किल्ल्या कमरेला खोचल्या आणि त्यानंतर शाळेचं नाव कधी काढलं नाही.

पण धंदा केला तो मात्र मनापासून, नुसता रेटला नाही. शरीरानं त्या चांगल्या भरभक्कम. हथखोजचा कोणी कारखानदार खोका दाबून नाक मुरडू लागला की वहिनी त्याच्यासमोर रिकामा खोका उलटा ठेवून त्यावर सरळ बसायच्या. "भैया, मेरा वजन झेल गया, तो आपके नट-बोल्ट की क्या बात है?" समोरचा हसायचा, आणि ऑर्डर द्यायचा. माल खराब निघाला तर मात्र मशीनवरच्या माणसाआधी स्वतःला शिव्या घालायच्या. आम्ही घरचे त्यांना 'खोकेवाल्या बाई' म्हणून चिडवायचो. त्या चिडायच्या नाहीत, उलट खुशीत यायच्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा निखिल. शिकला, पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत रमला. दिवाळीला आला की हटकून एक दिवस शेडवर जायचा, मशीनशी खुडबुड करायचा, आणि वहिनी दुरून बघत राहायच्या. नातेवाईक त्यांच्या मागेच लागले होते. बोलवा त्याला, आईचं मन मोडणार आहे का तो? वहिनी विषय बदलायच्या. शेवटी दुखणं हाताबाहेर गेलं, तेव्हा त्यांनी दवाखान्यातूनच रायपूरच्या एका व्यापाऱ्याशी बोलणं केलं. मशीन, माल, शेड, सगळं त्याला द्यायचं. अट एकच, कामावरच्या बायका-माणसांना काढायचं नाही. मला हे कळलं तेव्हा मी तणतणतच दवाखान्यात गेलो.

"वहिनी, बाबांपासूनची फर्म हाय. निखिलले बोलावतो मी, आत्ताच फोन करतो."

"नाही, भाऊजी. मले कोनी विचारलं होतं का? किल्ल्या हातात देल्ल्या अन् मोकळे झाले सारे. मी त्याच्या हातात नाही देनार."

"पन तुमाले वाटते ना, त्यानं यावं?"

त्या पंख्याकडे बघत म्हणाल्या, "वाटते ना. रोज वाटते. म्हनूनच तं नाही बोलावत."

वहिनींचं तेरावं झालं. त्या दिवशी किल्ल्या माझ्या खिशात होत्या, आणि तिथेच राहिल्या. दुसऱ्या दिवशी, व्यापाऱ्याच्या ट्रकांनी माल हलवल्यावर, निखिल म्हणाला एकदा दुकानामागचं कागदाचं गोडाऊन बघू दे. आम्ही माझ्या स्कूटरवर निघालो. रस्त्यात तो मागून म्हणाला, "काका, मैं तो रुका हुआ था. आईनं एक बार 'ये' म्हटलं असतं ना, तं मी आलो असतो. मले वाटे, आईले माझी जरूरतच नाही. सब अकेलीच करून राहिली होती..."

मी स्कूटर बाजूला घेतली. पंख्याकडे बघत वहिनी काय म्हणाल्या होत्या ते त्याला सांगितलं. लपवून कोणाचं भलं होणार होतं? त्यानं तोंड फिरवलं. ही माणसं एकमेकांवर इतकी माया का करतात की विचारायचंच राहून जातं, हे मनात घोळवत मी स्कूटर पुन्हा रस्त्यावर घेतली.

गोडाऊनचं शटर मी वर केलं. छातीएवढी कागदाची रिळं जिथे वर्षानुवर्षं उभी होती तिथे जमिनीवर आता फक्त फिकट गोल डाग उरले होते. कागद म्हणजे सरस्वती, त्याला पाय लागता कामा नये, ही वहिनींची शिस्त. त्यामुळे लहानपणापासून निखिल रिळांमधून अंग चोरून, वळसे घेत चालायचा. आता सगळी जमीन मोकळी होती, सरळ जाता आलं असतं. पण तो तसाच निघाला, एकेका डागाला वळसा घालत. मध्येच त्याची चप्पल एका डागाच्या कडेला लागली. तो वाकला, जमिनीला हात लावून तो कपाळाला नेला, आणि तिथेच बसून 'आई' म्हणून हंबरडा फोडला.

मी त्याला उठवायला आत गेलो... वळसे घेत घेतच गेलो.